न वाचलेल्या अक्षरांची साक्ष

'व्हॉयनिच हस्तलिखित' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका जुन्या पोथीविषयी लोकप्रिय लेखांतून, पुस्तकांतून आणि माहितीपटांतून जे काही सांगितले जाते, त्याला कोणी तरी उत्तर देणे आवश्यक झाले आहे असे आम्हांला वाटते. ही पोथी अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात असून तिचा क्रमांक ४०८ आहे. तिची लिपी जगात इतरत्र कोठेही आढळलेली नाही आणि तिच्यातील एक वाक्यही आजवर सर्वमान्य रीतीने वाचले गेलेले नाही. इथपर्यंत सारे खरे आहे. परंतु त्यापुढे जे येते ते असे : पोथीत राशिचक्र आहे, राशींभोवती विवस्त्र स्त्रियांची वलये आहेत, अक्षरे गुप्त आहेत; तेव्हा ख्रिस्तसभेच्या धाकाने लपवून ठेवलेले हे ज्ञान असले पाहिजे. कोणी म्हणतो हा एका पाखंडी पंथाचा विधिग्रंथ, कोणी म्हणतो मठातील धर्मभगिनींची वही, कोणी म्हणतो छळ सोसलेल्या फ्रान्सिस्कन विद्वानाची वैज्ञानिक टिपणे. आपल्या धर्मग्रामांतील महाविद्यालयात जाणारी मुले हे वाचतात आणि घरी येऊन विचारतात. वडीलधारी माणसे एक तर गप्प बसतात, किंवा असल्या सैतानी पुस्तकांच्या नादी लागू नये एवढे बोलून विषय मिटवतात.

ही दोन्ही उत्तरे आम्हांला अमान्य आहेत. गप्प बसणारा आरोप मान्य करून टाकतो, आणि सैतानाचे नाव घेणारा आरोप करणाऱ्याच्याच हातात आणखी एक पुरावा देतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या पोथीतील राशींची चित्रे वाचता येतात, आणि ती ख्रिस्ती युरोपची उघडीवाघडी, रोजच्या वापरातली चित्रे आहेत. चित्रांभोवतीची अक्षरे मात्र वाचता आलेली नाहीत. आणि जे वाचता आलेले नाही त्याला कोणाच्याही विरुद्ध साक्षीला उभे करता येत नाही. आपल्या आठव्या आज्ञेने खोट्या साक्षीला बंदी केली आहे. ती आज्ञा जिवंत शेजाऱ्यापुरतीच आहे असे आम्ही मानत नाही. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी मेलेली, बाजू मांडायला उठू न शकणारी माणसेही आपले शेजारीच होत.

आधी पाने पाहू. पोथीच्या मध्याच्या सुमारास काही घडीची पाने आहेत. उघडली म्हणजे एकापुढे एक अशी चक्रे दिसतात. प्रत्येक चक्राच्या मध्यभागी राशीचे चित्र आणि भोवती दोन-तीन वलयांत लहान लहान स्त्रिया. पहिल्या पानांवर त्यांतील पुष्कळ जणी पिंपासारख्या पात्रांत उभ्या आहेत व काहींच्या अंगावर वस्त्रे आहेत. पुढे पिंपे नाहीशी होतात आणि बहुतेक वस्त्रेही. जवळजवळ प्रत्येकीच्या हातात एक तारा आहे. लहान मूल फुगा धरते तसा तो दोरीने बांधलेला. ताऱ्याजवळ एखादा छोटा शब्द. आरंभ मीनेपासून होतो. मग मेष दोनदा येते, दोन चक्रांवर पंधरा-पंधरा स्त्रिया. वृषभही तसाच दोनदा. पुढे मिथुनेपासून धनूपर्यंत प्रत्येक राशीला एक चक्र आणि भोवती तीसच्या आसपास स्त्रिया. मकर व कुंभ नाहीत, कारण ते पानच पोथीतून गेले आहे.

मराठी वाचकाला ही नावे सांगताना आम्हांला भाषांतर करावे लागले नाही, हे त्याच्या ध्यानात आले असेल. बाबिलोनपासून ग्रीकांकडे आणि ग्रीकांकडून एकीकडे युरोपात व दुसरीकडे भारतात अशी या बारा चित्रांची वाटचाल झाली. आपले ज्योतिषी ज्या 'होरा' आणि 'केंद्र' या शब्दांवर आपला संसार चालवतात ते शब्द मुळात ग्रीक आहेत. तेव्हा ही चित्रे कोण्या गुप्त पंथाची मालमत्ता नसून अर्ध्या जगाचे सामाईक धन आहे.

चित्रांचे तपशील मात्र बोलके आहेत. कर्केच्या जागी खेकडा नाही, दोन शेवंडी आहेत. आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकांना त्या ओळखायला अडचण पडणार नाही. वृश्चिकाच्या जागी विंचू नाही, सरड्यासारखा एक प्राणी आहे. धनू म्हटले की अर्धा माणूस आणि अर्धा घोडा आपल्या डोळ्यांपुढे येतो. येथे दोन पायांवर उभा असलेला साधा माणूस असून त्याच्या हाती यांत्रिक चापाचे आडवे धनुष्य आहे. मिथुनेचे जुळे म्हणजे येथे हात हाती घेतलेले एक पुरुष व एक स्त्री, दोघेही नीट पोशाख केलेली. यात गूढ काही नाही. आल्प्स पर्वताच्या उत्तरेकडील चित्रकारांनी विंचू क्वचितच पाहिलेला असे आणि ते त्याच्या जागी सरडा, कासव किंवा पंखांचा सर्पही काढून मोकळे होत. शेवंड हीच त्यांची कर्क. हातात आडवे धनुष्य घेतलेला माणूस पंधराव्या शतकातील जर्मन पंचांगांत भेटतो. अॅरिझोना विद्यापीठात २००९ साली या पोथीच्या चर्मपत्रांचे कार्बन पद्धतीने कालमापन झाले, त्यानुसार ती कातडी १४०४ ते १४३८ या काळातल्या वासरांची आहेत. चित्रे जे सांगतात तेच कातडे सांगते. असा मेळ जमतो तेव्हा संशोधन पुढे सरकते, आणि तो जमायला कोणताही कट गृहीत धरावा लागत नाही.

आता राशिचक्र आणि ख्रिस्तसभा यांच्या वैराविषयी. हे वैर ज्यांनी शोधून काढले त्यांनी युरोपातील एखाद्या जुन्या ख्रिस्तमंदिराच्या दारात उभे राहून वर पाहिलेले दिसत नाही. फ्रान्समध्ये शार्त्र येथील महामंदिराच्या पश्चिम दाराच्या कमानीवर बारा राशी आणि बारा महिन्यांची कामे बाराव्या शतकात कोरलेली आहेत. त्यांच्या मधोमध प्रभू येशू आहे. ओतँ येथे अंतिम न्यायाच्या शिल्पाभोवती राशींची माळ आहे. आमिएँ येथे नांगरणी, कापणी, द्राक्षे तुडवणे, डुक्कर मारणे यांच्या शेजारी राशी आहेत. फ्लॉरेन्सच्या सान मिनियातो मंदिरात तर राशिचक्र जमिनीच्या संगमरवरात बसवलेले असून त्यावर १२०७ हे साल आहे. भाविक आजही त्या बाजूने चालत वेदीकडे जातात. इटलीच्या दक्षिण टोकाला ओत्रांतो येथे पांतालेओने नावाच्या धर्मगुरूने ११६३ ते ११६५ या वर्षांत जमिनीवर जे प्रचंड रंगीत खड्यांचे चित्र घडवले, त्यात आदाम आहे, नोहाचे तारू आहे, आणि प्रत्येक महिन्याच्या कामाबरोबर त्याची रासही आहे. हे सारे धर्मगुरूंच्या डोळ्यांदेखत आणि त्यांच्या पैशाने झाले. शेतकऱ्याला वाचता येत नव्हते; वर्ष कोठवर आले हे त्याला दारावरच्या दगडातून कळत होते, आणि काळाचा धनी कोण हेही तेथेच कळत होते.

प्रार्थनाग्रंथांचेही तेच. 'बेरीच्या ड्यूकचा समृद्ध प्रार्थनाग्रंथ' म्हणून जो जगप्रसिद्ध ग्रंथ आज शांतिई येथे आहे, त्याची चित्रे लिम्बुर्ग बंधू १४१२ ते १४१६ या सुमारास काढीत होते. म्हणजे व्हॉयनिच पोथीचे वासरू चरत होते बहुधा त्याच दिवसांत. त्या ग्रंथात महिन्यांच्या चित्रांवर राशी आहेतच, शिवाय एका पानावर नग्न मानवी देह उभा करून त्याच्या अंगोपांगांवर बारा राशी काढल्या आहेत, कारण रक्त केव्हा काढावे हे वैद्य चंद्राची रास पाहून ठरवीत. प्रार्थनेच्या पुस्तकात हे पान आहे! ज्यांना राशीजवळची नग्न आकृती दिसताच चेटूक आठवते, त्यांनी हे पान पाहावे. तेवढ्याने समाधान न झाल्यास खुद्द व्हॅटिकन ग्रंथालयातील टॉलेमीची ग्रीक कोष्टके पाहावीत. ती नवव्या शतकातील कॉन्स्टँटिनोपलची आहेत आणि त्यांत सूर्याच्या रथाभोवती राशींबरोबर स्त्रीरूप घटकांची वलये आहेत. व्हॉयनिच पोथीच्या चक्रांशी त्या पानाची ठेवण इतकी जुळते की अभ्यासकांना त्याची आठवण होणे स्वाभाविकच आहे. एका राशीचे अंश तीस. म्हणून तीस तारे आणि तारे धरणाऱ्या तीस स्त्रिया. प्रत्येक अंशाला एक आकृती देण्याची पद्धत पादुआच्या पिएत्रो द'आबानो या वैद्याच्या नावे प्रचारात होती आणि १४८८ साली ती छापूनही निघाली. पोथीतील चक्रांचा हा उलगडा आम्हांला सर्वांत साधा वाटतो. मेष आणि वृषभ मध्येच का चिरले याचे समाधानकारक कारण मात्र अद्याप कोणी दिलेले नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. ख्रिस्तसभा आणि ज्योतिष यांचा संबंध सदैव सलोख्याचा होता असे कोणी म्हणेल तर तेही असत्य ठरेल. संत ऑगस्टीनने जुळ्यांचे उदाहरण देऊन कुंडलीची टर उडवली : एकाच घटकेला जन्मलेले याकोब आणि एसाव, आणि त्यांच्या वाटा किती वेगळ्या! संत थॉमस अक्विनास यांनी ताऱ्यांचा प्रभाव शरीरावर मान्य केला, मानवी इच्छाशक्तीवर मान्य केला नाही. १३२७ साली चेक्को द'आस्कोली या ज्योतिष्याला फ्लॉरेन्समध्ये जाळण्यात आले. ते कृत्य झाकावे असे आम्हांला वाटत नाही. १५८६ साली पोप सिक्स्तुस पाचवे यांनी भविष्यकथनावर कडक बंदीचा फतवा काढला, आणि आजचे आपले धर्मशिक्षणही कुंडली पाहण्याला नकार देते. (आपल्यापैकी किती घरांत वर्तमानपत्र उघडल्यावर आधी राशिभविष्य वाचले जाते हा प्रश्न आम्ही येथे विचारीत नाही.) परंतु निषेध होता तो माणसाचे स्वातंत्र्य ताऱ्यांच्या दावणीला बांधण्याचा. पंचांग, ऋतू, औषध आणि सणवार यांसाठी लागणाऱ्या राशी कोणी लपवीत नव्हते. पोथीचे चर्मपत्र तयार होत होते त्याच काळात कार्डिनल पिएर द'आयी यांनी ज्योतिष आणि ईशज्ञान यांचा मेळ घालणारा ग्रंथ १४१४ साली आपल्या नावानिशी लिहिला आणि तेच कार्डिनल कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत अग्रभागी बसले. ज्या युगात कार्डिनल उघडपणे असे लिहितो, त्या युगात बारा राशींची चित्रे ख्रिस्तसभेच्या भयाने गुप्त लिपीत दडवावी लागली, हे म्हणणाऱ्याने काही तरी पुरावा द्यायला हवा. तो आजवर आलेला नाही.

पुराव्याऐवजी आलेली आहेत ती वाचने. त्यांतली तीन येथे घेतो, कारण तिन्हींत आपल्या माणसांची नावे गोवली आहेत.

पहिले १९२१ सालचे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापक न्यूबोल्ड यांनी जाहीर केले की पोथी तेराव्या शतकातील फ्रान्सिस्कन रॉजर बेकन यांची आहे, त्यांच्यापाशी दुर्बीण होती आणि देवयानीची सर्पिल तारकानगरी त्यांनी पाहिली होती. अक्षरांच्या फटींत सूक्ष्म लघुलिपीच्या रेघा आहेत, त्या भिंगातून वाचायच्या, अशी त्यांची रीत. जगभर गवगवा झाला. काळाच्या पुढे गेलेला आणि स्वकीयांनी छळलेला संन्यासी ही मूर्ती लोकांना फार आवडली. १९३१ साली जॉन मॅन्ली यांनी, जे न्यूबोल्ड यांचे स्नेही होते, दाखवून दिले की त्या सूक्ष्म रेघा म्हणजे खरखरीत चर्मपत्रावर वाळून तडकलेली शाई आहे. न्यूबोल्ड तोवर निवर्तले होते. बेकन यांनी पोपना पंचांग सुधारण्याविषयी १२६७ साली कळकळीने लिहिले होते, ही खरी आणि मोठी गोष्ट. पण ती साऱ्यांना वाचता येईल अशा लॅटिनमध्ये असल्यामुळे तिचा गवगवा झाला नाही.

दुसरे वाचन १९८७ सालचे, लिओ लेवितॉव्ह यांचे. त्यांच्या मते पोथी हा काथार पंथाचा विधिग्रंथ. पात्रांत बसलेल्या स्त्रिया म्हणजे शिरा कापून घेऊन मरण पत्करणारे भक्त. आणि या पंथाचे मूळ इजिप्तच्या इसिस देवीत. या वाचनाचा निकाल लावायला लिपी यावी लागत नाही, इतिहास पुरतो. काथारांचा 'एन्दुरा' म्हणजे अखेरच्या आजारात अन्न वर्ज्य करणे. त्यात रक्त काढण्याचा विधी आढळत नाही. लांगदॉक प्रांतातील त्यांचा शेवटचा ज्ञात दीक्षित, गिलोम बेलिबास्त, १३२१ साली जाळला गेला. पोथीचे वासरू त्यानंतर निदान ऐंशी वर्षांनी जन्मले. काथारांवर आपल्या लोकांनी जे अत्याचार केले त्यांचा जाब इतिहास आपल्याला विचारतो आणि विचारील. परंतु त्या दुर्दैवी लोकांच्या माथी त्यांनी न केलेले विधी मारणे हा त्यांचा दुसऱ्यांदा केलेला छळ आहे. येथे खोटी साक्ष आपल्याविरुद्ध जेवढी आहे तेवढीच त्यांच्याविरुद्ध आहे.

तिसरे २०१९ सालचे. जेरार्ड चेशायर यांनी एका विद्वत्पत्रिकेत लिहिले की पोथी डोमिनिकन धर्मभगिनींनी आरागोनची राणी मारिया हिच्यासाठी रचली, आणि तिची भाषा साऱ्या रोमान्स भाषांची जननी असलेली एक लुप्त बोली आहे. त्यांच्या ब्रिस्टल विद्यापीठाने ही वार्ता प्रथम प्रसृत केली आणि तज्ज्ञांनी हरकत घेताच दोन-चार दिवसांत तिच्यापासून अंग काढून घेतले. हरकत सरळ होती. पंधराव्या शतकात फ्रेंच, इटालियन, कॅटलान या भाषा आपापले वाङ्मय घेऊन प्रौढ झालेल्या होत्या; दान्तेला मरून शंभर वर्षे उलटली होती. नातवंडे म्हातारी झाल्यावर आजीला पुन्हा लिहायला बसवण्याचा हा प्रकार झाला. मात्र विद्यापीठाने अंग काढून घेतल्याची बातमी मागे राहिली आणि धर्मभगिनींची गोष्ट पुढे निघून गेली. असे नेहमीच होते.

ही यादी लांबवता येईल. २०१४ साली पोथी मेक्सिकोची ठरली, २०१८ साली संगणकाने ती हिब्रू असल्याचा कौल दिला. १९४४ साली आपल्याच अमेरिकेतील कॅथॉलिक विद्यापीठाच्या ह्यू ओ'नील या वनस्पतिशास्त्रज्ञ धर्मगुरूंना तिच्यात सूर्यफूल आणि मिरची दिसली होती, म्हणजे पोथी कोलंबसानंतरची ठरत होती. कार्बनच्या तारखांनी तेही बाद केले. धर्मगुरूंचा झगा अंगावर असल्याने डोळे अचूक होतात असे काही नाही.

किंबहुना या रोगाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच घरातले आहे, आणि ते लपवून दुसऱ्यांना दोष देणे आम्हांला शोभणार नाही. येशूसंघाचे अथानासियुस किर्खर हे सतराव्या शतकातील रोमचे महापंडित. १६५२ ते १६५४ या काळात त्यांनी मोठमोठ्या खंडांत इजिप्तच्या चित्रलिपीचे वाचन प्रसिद्ध केले. एका राजाच्या नुसत्या नावातून ते परमात्मतत्त्वावरचे परिच्छेद काढीत. त्यातले काहीही खरे नव्हते. १८२२ साली शांपोलियोंने ती लिपी खरोखर वाचली, ती एकच मजकूर दोन भाषांत कोरलेल्या शिळेच्या आणि कॉप्टिक भाषेच्या आधाराने. कॉप्टिक ही इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांची उपासनेची भाषा, आणि युरोपात तिच्या अभ्यासाचा पाया घालणारे पुरुष हेच किर्खर! ज्या ठिकाणी त्यांनी व्याकरण केले तेथे ते पायाचे दगड ठरले, ज्या ठिकाणी साक्षात्कार केला तेथे हास्यास्पद.

किर्खर यांचे नाव येथे ओढून ताणून आणलेले नाही. व्हॉयनिच पोथी त्यांच्याकडेच पाठवली गेली होती. प्रागचे गेओर्ग बारेश हे तिचे आम्हांला पत्रांतून परिचित असलेले जुने मालक; त्यांनी १६३९ साली किर्खर यांना लिहून मदत मागितली. बारेश यांच्या मृत्यूनंतर पोथी त्यांचे मित्र, प्राग विद्यापीठातील वैद्य योहानेस मार्कुस मार्सी यांच्याकडे आली, आणि त्यांनी १६६५ च्या सुमारास ती एका पत्रासह किर्खर यांना भेट दिली. त्या पत्रात मार्सी सांगतात की सम्राट रूडॉल्फने या पोथीचे सहाशे डुकाट मोजले होते असे त्यांनी ऐकले आहे, आणि तिचा कर्ता रॉजर बेकन असावा असे सांगणाऱ्याचे मत होते. मग मार्सी स्वतःविषयी लिहितात की या बाबतीत आपण आपला निर्णय राखून ठेवतो. साडेतीनशे वर्षांत या पोथीवर जे जे लिहिले गेले त्यात आम्हांला हे सर्वांत शहाणपणाचे वाटते. मार्सी आळशी होते म्हणून त्यांनी असे लिहिले, असे कोणी समजू नये. पोथीच्या पहिल्या पानावरच्या पुसट झालेल्या अक्षरांच्या रांगा विशेष प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांतून २०२४ साली पुढे आल्या. ती किल्ली शोधण्याची एक जुनी धडपड आहे, आणि लिसा फेगन डेव्हिस या हस्तलिखित-तज्ज्ञ बाईंच्या मते तो हात बहुधा मार्सी यांचाच. त्यांनी प्रयत्न केला, तो साधला नाही, आणि साधला असे त्यांनी म्हटले नाही. किर्खर यांनी तरी या पोथीचे वाचन कोठे छापले नाही. चित्रलिपीच्या वेळी हेच मौन त्यांना सुचते तर!

आणि दडपणुकीचे काय? पुढची अडीचशे वर्षे पोथी येशूसंघाकडेच राहिली. १८७० साली इटालियन सैन्य रोममध्ये शिरले, संघांची ग्रंथालये सरकारजमा होऊ लागली, तेव्हा संघाचे सर्वाधिकारी पीटर बेक्स यांचा खाजगी संग्रह म्हणून चिठ्ठ्या लावून रोमन महाविद्यालयाची कित्येक पुस्तके वाचवण्यात आली. लपवाछपवी म्हणायची तर ही होती. ती पुस्तके वाचावीत म्हणून केली, जाळण्यासाठी नव्हे. १९१२ साली विल्फ्रिड व्हॉयनिच या ग्रंथविक्रेत्याने ही पोथी विकत घेतली आणि कोठून घेतली ते मरेपर्यंत जगाला सांगितले नाही. ते त्याच्या पश्चात पत्नीने लिहून ठेवलेल्या पत्रातून कळले. या बाई म्हणजे एथेल लिलियन, आपल्या काळात धर्मगुरूंवर आसूड ओढणाऱ्या 'द गॅडफ्लाय' या कादंबरीच्या लेखिका. त्यांच्या आईचे चुलते जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचे नाव हिमालयाच्या शिखराला दिले गेले. ख्रिस्तसभेवर ज्यांचे मुळीच प्रेम नव्हते त्या बाईंनीच पोथीचा ठावठिकाणा प्रामाणिकपणे सांगितला, याबद्दल त्यांना आमचा नमस्कार.

पोथी मिळाली ती रोमजवळच्या व्हिला मोंद्रागोनेमध्ये असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे घर आपल्या वाचकांना एरवीही माहीत असायला हवे. पोप ग्रेगरी तेरावे येथे मुक्काम करीत, आणि फेब्रुवारी १५८२ मध्ये पंचांग सुधारणारे त्यांचे आज्ञापत्र येथूनच निघाले. त्या सुधारणेचे गणित समजावून देणारे पंडित येशूसंघाचे क्लाव्हियुस, तेही त्याच रोमन महाविद्यालयाचे. वसंतसंपात, मेषेचा आरंभ आणि पास्काच्या सणाची पौर्णिमा यांचा दहा दिवसांचा विस्कटलेला हिशेब त्यांनी जुळवला आणि ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. आपल्या देवघरात लटकणारी दिनदर्शिका हे त्याच राशिगणिताचे फळ आहे. अशा घरात राशींची एक पोथी निघाली यात नवल वाटण्याचे कारण नाही.

राहता राहिली अक्षरे. राशींच्या पानांवर ताऱ्यांजवळचे जे छोटे शब्द आहेत त्यांच्याकडे वाचनाचे दावेदार नेहमी आधी धावतात. चित्र माहीत आहे, तेव्हा नाव ओळखता येईल असा त्यांचा हिशेब. कल्पना वाईट नाही. स्टीफन बॅक्स यांनी २०१४ साली ती जपून वापरली. पोथीच्या दुसऱ्या एका पानावर सात ताऱ्यांचा पुंजका आहे, त्याला कृत्तिका मानून त्यांनी शेजारच्या शब्दात वृषभाचे नाव शोधले आणि आपले काम तात्पुरते असल्याचे स्वतःच सांगितले. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते पुढच्या पायरीशी. या शब्दांपैकी बहुतेक एकाच गोल अक्षराने सुरू होतात आणि दुसऱ्या जागी उंच खांबासारखी मोजकीच दोन-तीन अक्षरे येतात. तीनशे व्यक्तींची किंवा ताऱ्यांची नावे अशी एकाच साच्यातली कशी असतील? अरबी ताऱ्यांच्या नावांमागे 'अल्' लागतो तसे ते उपपद असेल, अंक असतील, अंशांचे क्रम असतील. शक्यता पुष्कळ आहेत. पण दावेदार काय करतात? एका शब्दासाठी लॅटिन घेतात, दुसऱ्यासाठी अरबी, तिसऱ्यासाठी स्वर गाळतात, चौथ्यासाठी अक्षरे उलटी करतात. अशी सूट घेतली तर आमच्या किराणामालाच्या यादीतूनही काथारांचा विधी निघेल.

या पानांवर एक हात असा आहे की त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. प्रत्येक राशीच्या मध्यभागी, चित्राला लागून, साध्या लॅटिन लिपीत महिन्याचे नाव लिहिलेले आहे : मीनेजवळ मार्स, मेषेच्या दोन्ही चक्रांवर आब्रिल, वृषभाच्या दोन्हींवर माय. ही रूपे फ्रान्सच्या बोलींशी जुळतात. हा हात मूळ लेखकाचा नसून नंतरच्या कोणा मालकाचा असावा असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. मार्चच्या पहिल्या दिवशी सूर्य मीनेत असतो, तेव्हा हिशेब बरोबर आहे. त्या अनामिक माणसाने चित्र पाहिले, महिना ओळखला, दहाही राशींवर तो लिहिला, आणि भोवतीच्या एकाही शब्दाचा अर्थ समासात लिहिला नाही.

जे कोणी यापुढे ही पोथी वाचल्याचे जाहीर करतील आणि त्या वाचनाच्या बळावर धर्मभगिनींना, पाखंड्यांना किंवा पोपना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतील, त्यांच्याकडे आमची मागणी एवढीच आहे. येल विद्यापीठाने सर्व पाने कोणालाही पाहता येतील अशी खुली ठेवली आहेत. तुमची किल्ली मीनेच्या पानावर तयार करा आणि तिच्यात काडीचाही बदल न करता वृश्चिकाच्या पानाला लावा. सरड्याभोवतीच्या साऱ्या स्त्रियांजवळचे शब्द एकाच भाषेत, एकाच नियमाने, दुसऱ्या कोणालाही करून पाहता येईल अशा रीतीने उलगडून दाखवा. ते झाले की पंचवीस राहो, शंभर आरोप घेऊन या. आम्ही ऐकायला बसू.